वाचकांचे प्रश्न : फोन कमी केला तर मन आणि झोप सुधारते का?

गेल्या अंकात झोपेच्या तक्रारींविषयी लिहिताना झोपण्यापूर्वीच्या फोनवापराचा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय 31 आहे. कामाव्यतिरिक्त रोज साधारण पाच तास फोनवर जातात, असे फोनच दाखवतो. तीन आठवडे फोन कमी वापरला तर नैराश्य आणि ताण कमी होतो, असे मी वाचले. हे खरोखर सिद्ध झाले आहे, की ही केवळ एक लाट आहे? आणि खरे असेल, तर फोन पूर्ण बंद करावा की थोडा कमी करावा?

उत्तर : आपण वाचलेला दावा बहुधा ऑस्ट्रियातील क्रेम्स येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या आणि 2025 मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून आलेला असावा. त्यात 111 विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते. एका गटाने तीन आठवडे फोनचा वापर दिवसाला दोन तासांच्या आत ठेवायचा होता आणि दुसऱ्याने नेहमीसारखाच फोन वापरायचा होता. या विद्यार्थ्यांचा आधीचा सरासरी वापर साडेचार तासांहून अधिक होता. तीन आठवड्यांनंतर वापर कमी करणाऱ्या गटात नैराश्याची लक्षणे आणि ताण कमी झाला, झोपेची प्रत आणि एकूण स्वास्थ्य सुधारले. सुधारणा लहान ते मध्यम स्वरूपाची होती, पण ती एका गटात दिसली आणि दुसऱ्यात दिसली नाही. म्हणूनच तिला वजन आहे.

या निष्कर्षाला अन्य प्रयोगांचाही आधार आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट या तिन्हींसाठी प्रत्येकी दिवसाला केवळ दहा मिनिटांची मर्यादा तीन आठवडे घालण्यात आली, तेव्हा एकटेपणाची भावना आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. विशेष म्हणजे ज्यांच्यात ही लक्षणे सुरुवातीला अधिक होती, त्यांना अधिक फायदा झाला. याच प्रयोगातील आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या गटावर कोणतीही मर्यादा नव्हती, त्याच्यातही चिंता आणि आपण काहीतरी गमावत आहोत ही भीती थोडी कमी झाली. आपण किती वेळ फोनवर असतो याची रोज नोंद ठेवण्याचाच तो परिणाम असावा, असे संशोधकांचे मत होते. आपल्यालाही पाच तास हा आकडा ठाऊक आहे. म्हणजे सुरुवात झालेली आहे.

तरीही ‘सिद्ध झाले’ हा शब्द मी जपून वापरेन, आणि त्याची कारणे आहेत. औषधाच्या चाचणीत रुग्णाला आपण खरी गोळी घेत आहोत की औषध नसलेली, हे कळू दिले जात नाही. फोनच्या बाबतीत तसे करताच येत नाही. आपण फोन कमी केला आहे हे प्रत्येकाला माहीत असते आणि त्यातून बरे वाटण्याची अपेक्षाही निर्माण होते. शिवाय मनाची स्थिती प्रश्नावलीवर स्वतःच नोंदवलेली असते, आणि क्रेम्स व पेनसिल्व्हेनियाच्या प्रयोगांतील सहभागी हे विद्यार्थी होते. चाळिशीतल्या, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या माणसाला हेच निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरता येणार नाही.

आता पूर्ण बंद की थोडा कमी, या प्रश्नाकडे वळू. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन 619 जणांचे तीन गट केले. एका गटाने आठवडाभर स्मार्टफोन पूर्ण सोडला, दुसऱ्याने रोजचा वापर एक तासाने कमी केला, तिसऱ्याने काहीच बदलले नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार महिन्यांनंतरची स्थिती पाहिली, तेव्हा फोन सोडणाऱ्यांचा दैनिक वापर आधीपेक्षा सरासरी 38 मिनिटांनी कमी होता, तर केवळ एक तास कमी करणाऱ्यांचा 45 मिनिटांनी. जीवनाविषयीचे समाधान वाढणे, व्यायामाचा वेळ वाढणे, नैराश्य आणि चिंतेची लक्षणे कमी होणे हे परिणामही एक तास कमी करणाऱ्या गटात अधिक टिकून राहिले. ज्याला कडक व्रत झेपते त्याने ते जरूर करावे. पण आपण मला विचारत आहात, म्हणून सांगतो की पाच तासांवरून चार तासांवर येणे, तिथे काही आठवडे स्थिर होणे आणि मग पुढचा विचार करणे हा मार्ग मला अधिक पटतो.

क्रेम्सच्या प्रयोगाचा जो भाग बातम्यांमध्ये सहसा येत नाही, तोही सांगायला हवा. तीन आठवडे संपल्यावर सहभागी विद्यार्थ्यांचा फोनवापर झपाट्याने पुन्हा वाढला आणि मिळालेला लाभही ओसरू लागला. ही मुले दुबळ्या मनाची होती असे मला मुळीच वाटत नाही. मर्यादा बाहेरून आलेली होती, ती गेल्यावर जुनी रचना जशीच्या तशी परत आली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून निश्चय किती पक्का आहे यापेक्षा फोन कुठे ठेवला जातो, त्यात कोणती ॲप आहेत, कोणत्या सूचना येतात आणि मोकळ्या झालेल्या तासात काय करायचे हे आधी ठरलेले आहे का, याकडे आपण लक्ष द्यावे. रिकामा झालेला तास रिकामाच ठेवला, तर त्या जागी फोनच परत येतो. त्या तासात चालायला जाणे, कोणाला तरी प्रत्यक्ष भेटणे किंवा हाताने करण्याचे एखादे काम घेणे यांपैकी जे आपल्याला खरोखर आवडते ते ठरवून ठेवावे. 2025 मध्येच ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींनी दोन आठवडे फोनवरील इंटरनेट बंद ठेवले होते. त्यांना बरे वाटण्याची कारणे शोधली असता प्रत्यक्ष भेटीगाठी, व्यायाम आणि निसर्गात घालवलेला वेळ वाढला होता, असे आढळले. फोन कमी करण्याचा बराचसा लाभ या मार्गाने येतो.

प्रश्न : मी फोनवर नाइट मोड लावला आहे, उजेड अगदी कमी ठेवते, निळा प्रकाश अडवणारा चष्माही घेतला आहे. तरी रात्री एक वाजल्याशिवाय डोळा लागत नाही आणि सकाळी उठल्यावर अंग जड असते. अंथरुणात पडल्यावर मी फक्त हलकेफुलके व्हिडिओ पाहते, त्रासदायक काही पाहत नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : निळ्या प्रकाशाविषयी जितके बोलले गेले, तितके झोपेच्या वेळेविषयी बोलले गेले नाही. आपण उजेडाचा बंदोबस्त नीट केला आहे. घड्याळाचा मात्र राहिला आहे.

प्रकाशाचा मुद्दा खोटा नाही. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलानोप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्यांना सुमारे 480 नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे निळसर प्रकाश, सर्वाधिक जाणवतो. अजून दिवस आहे असा निरोप त्या मेंदूतील घड्याळाला देतात आणि मग रात्रीची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती लांबणीवर पडते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात बारा जणांना प्रयोगशाळेत ठेवून झोपण्यापूर्वी चार तास कधी छापील पुस्तक, तर कधी प्रकाशमान पडद्यावरचे पुस्तक वाचायला दिले होते. पडद्यावर वाचल्यानंतर मेलाटोनिनची पातळी निम्म्याहून अधिक घटली आणि दुसऱ्या दिवशी त्याची वेळ दीड तासाने पुढे सरकली. पण प्रत्यक्ष झोप लागायला लागलेला जास्तीचा वेळ सरासरी दहा मिनिटांच्या आसपास होता. तोही पडद्याची चकाकी सर्वात जास्त ठेवून, मंद उजेडाच्या खोलीत, चार तास वाचल्यावर. आपल्याला झोप लागायला जो विलंब होतो, तो दहा मिनिटांचा नाही.

नाइट मोडविषयी सांगायचे, तर अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 167 तरुणांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाइट मोड लावून फोन वापरणारे, तो न लावता वापरणारे आणि झोपण्यापूर्वी फोन न वापरणारे अशा तीन गटांच्या झोपेत एकंदरीने फरक आढळला नाही. ज्यांना रात्री पुरेशी झोप मिळत होती त्यांच्यातच थोडा फरक दिसला, आणि तो फोन न वापरणाऱ्यांच्या बाजूने होता. नाइट मोडचा वेगळा लाभ दिसला नाही. चष्म्याविषयी 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा अशा चष्म्याने कमी होत नसावा आणि झोपेवरील परिणामाविषयी ठाम काही म्हणता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. चष्मा वापरायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर फोन अंथरुणात नेऊ नये.

आता खरा मुद्दा. नॉर्वेतील 45,202 विद्यार्थ्यांच्या 2022 मधील माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात अंथरुणात पडल्यावर पडद्यासमोर गेलेल्या प्रत्येक तासागणिक झोप सरासरी 24 मिनिटांनी कमी असल्याचे आढळले. पडद्यावर समाजमाध्यमे होती, चित्रपट होता की खेळ होता, याने त्यात फारसा फरक पडला नाही. ही एका वेळची पाहणी असल्याने कार्यकारणभाव त्यातून ठरत नाही, कारण झोप येत नाही म्हणूनही माणूस फोन उचलतो. तरी आपल्या पत्राच्या दृष्टीने ती बोलकी आहे. हलकेफुलके व्हिडिओ मनाला त्रास देत नसतील, पण ते संपत नाहीत. पुस्तकातले प्रकरण संपते आणि तिथे थांबावे का हा प्रश्न आपोआप समोर येतो. एकामागून एक सुरू होणाऱ्या व्हिडिओंमध्ये तो प्रश्न येऊच नये अशी व्यवस्था असते. डोळे मिटू लागले तरी थांबण्याचा क्षण सापडत नाही. झोपेची शारीरिक ओढ दिवसभरात साठत जाते, अकराच्या सुमारास ती पुरेशी असते, आणि आपण ती दोन तास परतवून लावता.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती ओळखीची वाटली तर आपण स्वतःला दोष देऊ नये. ज्यांचा संपूर्ण दिवस इतरांच्या कामात जातो, त्यांना रात्रीचा तेवढाच वेळ स्वतःचा वाटतो आणि तो झोपेत घालवणे जिवावर येते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये, कोणतेही बाह्य कारण नसताना झोपायला जाणे टाळत राहण्याच्या या सवयीचा स्वतंत्र अभ्यास मांडला होता. आपल्याबाबत असे असेल, तर दिवसातला अर्धा तास तरी उजेडात स्वतःसाठी राखल्याशिवाय रात्रीचा फोन सुटणे कठीण आहे. घरातल्यांशी त्याविषयी स्पष्ट बोलावे. हा हट्ट नाही, आरोग्याची गरज आहे.

प्रत्यक्षात काय करावे? झोपेची वेळ ठरवून तिच्या अर्धा तास आधी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी वेगळे घड्याळ घ्यावे. उशाशी गजर हवा हेच फोन खोलीत येण्याचे सर्वात सामान्य कारण असते. 38 जणांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात झोपण्यापूर्वीचा केवळ अर्धा तास चार आठवडे फोनविना काढल्यावर झोप सुमारे बारा मिनिटे लवकर लागू लागली आणि एकूण झोप सुमारे 18 मिनिटांनी वाढली. रोज 18 मिनिटे म्हणजे आठवड्याला दोन तासांहून अधिक. अंथरूण केवळ झोपेसाठी ठेवावे. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करावे आणि झोप येऊ लागल्यावरच परत आडवे व्हावे. सकाळी उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही बदलू नये आणि उठल्यावर थोडा वेळ मोकळ्या उजेडात जावे. पहिल्या काही रात्री झोप आणखी लांबल्यासारखी वाटते, तेव्हा घाबरून जाऊ नये.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांपासून हा त्रास असेल आणि वरील बदल करूनही जात नसेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश मानला जातो. त्यावर झोपेच्या गोळीच्या आधी निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, वापरावी, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेची 2016 पासूनची शिफारस आहे. घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पायांत अस्वस्थता जाणवणे यांपैकी काही असेल, तर फोनकडे बोट न दाखवता आधी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : फोन थोडा वेळ जवळ नसला तरी मी बेचैन होते. हात आपोआप त्याच्याकडे जातो. मला फोनचे व्यसन लागले आहे का? सगळ्या नोटिफिकेशन बंद करून पाहिल्या, तर उलट जास्तच अस्वस्थ वाटू लागले.

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या आजारांच्या वर्गीकरणात व्हिडिओ गेम खेळण्याशी संबंधित विकाराला स्थान आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाला मात्र स्वतंत्र निदान म्हणून नाही. तेव्हा हा शब्द स्वतःला लावून घेण्याची घाई करू नये. फोनमुळे काम, अभ्यास, नाती किंवा झोप यांचे सातत्याने नुकसान होत आहे का, आणि ते दिसत असूनही आवर घालता येत नाही का, या प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी आहेत. दोन्हींचे उत्तर होय असेल, तर निदानाचे नाव काहीही असो, मदत घेण्यास ते पुरेसे कारण आहे.

नोटिफिकेशनविषयी आपला अनुभव एकट्याचा नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सूचना नेहमीसारख्या येत होत्या, काहींना दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्र मिळत होत्या आणि काहींना अजिबात मिळत नव्हत्या. तीन वेळा एकत्र मिळणाऱ्यांचे लक्ष, मनःस्थिती आणि ताण या सर्वांत सुधारणा झाली. अजिबात न मिळणाऱ्यांची चिंता आणि काही सुटून जाण्याची भीती मात्र वाढली. सूचना पूर्ण थांबल्या की त्या आल्या असतील का, हे पाहण्याचे काम मन स्वतःकडे घेते. म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन वेळा ठरवून घ्याव्यात. जवळच्या माणसांचे कॉल चालू ठेवावेत आणि बाकीच्या सूचना त्या वेळांना पाहाव्यात. अधूनमधून येणारी बेचैनीची लाट फोन न उचलताही ओसरते. ती किती मिनिटांत ओसरली हे एकदा घड्याळ लावून पाहिले, तर पुढच्या वेळी तिची भीती कमी वाटते.

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे. दार लावून मध्यरात्रीपर्यंत फोनवर असते, सकाळी उठवत नाही, चिडचिड वाढली आहे. फोन काढून घ्यावा असे तिच्या वडिलांचे मत आहे. मला भीती वाटते की त्याने ती आमच्यापासून आणखी दूर जाईल.

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि तिच्या वडिलांची काळजीही. दोन्ही खरे धरूनच मार्ग काढावा लागेल.

पहिली गोष्ट, तिच्या चिडचिडीचे सगळे खापर फोनवर फोडू नये. साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या माहितीचे विश्लेषण करून ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये असे दाखवले होते की, मुलामुलांमधील मानसिक स्वास्थ्याचा जो फरक असतो, त्यातील जास्तीत जास्त 0.4 टक्के भागाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागतो. ही सरासरी आहे. एखाद्या मुलीच्या बाबतीत परिणाम मोठा असू शकतो, विशेषतः तिला कोणी ऑनलाइन छळत असेल किंवा ती स्वतःच्या शरीराची सतत इतरांशी तुलना करत असेल तर. पण फोन काढून घेतला की मुलगी पूर्ववत होईल, ही आशा सहसा खरी ठरत नाही.

झोपेबाबत मात्र मी आग्रही राहीन. 13 ते 18 या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी. या वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकलेले असते, त्यामुळे तिला लवकर झोप न येणे हा उद्धटपणा नाही. त्यात मध्यरात्रीचा फोन आणि सकाळची शाळा यांच्या कात्रीत रोजचे दोन-तीन तास झोपेतून जातात. झोप अपुरी असेल, तर कोणत्याही वयाचा माणूस चिडतो आणि किशोरवयात तर ते अधिकच.

म्हणून फोन जप्त करण्याऐवजी केवळ रात्रीचा करार करावा आणि तो घरातील सर्वांना लागू असावा. ठरलेल्या वेळेनंतर तिच्या वडिलांचा, आपला आणि तिचा असे सगळे फोन बाहेरच्या खोलीत एकाच ठिकाणी राहतील. वेळ किती वाजताची असावी यात तिचे मत घ्यावे आणि ते आपल्याला पटणाऱ्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने उशिराचे असले, तरी पहिल्या महिन्यात मान्य करावे. दिवसभरात ती काय पाहते याची उलटतपासणी त्याच बैठकीत करू नये. कराराआधी एकदा तिला शांतपणे विचारावे की, रात्री उशिरापर्यंत कोणाशी बोलणे होते आणि त्यात काही त्रास देणारे आहे का. विचारताना उत्तर मिळालेच पाहिजे असा हट्ट नसावा.

मैत्रिणी तुटल्या असतील, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, खाणे एकदम बदलले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, स्वतःला इजा करणे असे काही दिसले, तर फोनचा विषय बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे तातडीने जावे.

प्रश्न : मी निवृत्त असून एकटा राहतो. मुले परदेशी असतात. फोन कमी करा असे सगळे सांगतात, पण माझा दिवस फोनवरच्या बोलण्यानेच उजळतो. मीही कमी करायला हवे का?

उत्तर : त्या बोलण्याला हात लावू नये. फोन कमी करण्याच्या वर सांगितलेल्या प्रयोगांत फोनचा एकूण वापर, समाजमाध्यमे किंवा फोनवरचे इंटरनेट कमी केले होते, माणसांशी बोलणे कमी करणे हा त्यांचा हेतू नव्हता. दोन आठवडे फोनवरचे इंटरनेट बंद केलेल्या प्रयोगातही साधे कॉल आणि संदेश चालूच ठेवले होते. मुलांशी व्हिडिओवर बोलल्यावर मन भरून येत असेल, तर तो वेळ आपल्यासाठी चांगलाच आहे.

आपण केवळ एवढे पाहावे की, बोलणे संपल्यानंतरही फोन हातात किती वेळ राहतो. रात्री एकटे असताना बातम्या आणि पुढे ढकललेले संदेश वाचत बसण्याची सवय असेल आणि त्यानंतर झोप मोडत असेल, तर तेवढा भाग दिवसा उरकावा. मुलांच्या देशातल्या वेळेमुळे आपल्याला जागावे लागत असेल, तर बोलण्याची वेळ आपल्या सोयीने बदलून मागण्यात संकोच करू नये.

प्रश्न : मला नैराश्यासाठी आठ महिन्यांपासून औषध चालू आहे. फोनवरचे इंटरनेट बंद करण्याचा परिणाम औषधापेक्षाही मोठा असतो, अशी बातमी वाचली. गोळ्या थांबवून हा उपाय करावा का?

उत्तर : कृपया गोळ्या स्वतःहून थांबवू नका. ही बातमी कुठून आली ते सांगतो, कारण ती पूर्ण खोटी नाही आणि म्हणूनच घातक आहे. पहिल्या उत्तरात उल्लेख केलेल्या ‘पीएनएएस नेक्सस’मधील प्रयोगात 467 जण होते. त्यांच्या नैराश्याच्या लक्षणांत झालेली घट ही औषधांच्या अनेक चाचण्यांतून काढलेल्या सरासरी परिणामापेक्षा मोठी होती, असे त्या लेखातच म्हटले आहे. परंतु हे लोक नैराश्याचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. ते फोन कमी करण्याची इच्छा असलेले सर्वसाधारण लोक होते. औषधाचा परिणाम मोजताना औषध नसलेल्या गोळीने जेवढे बरे वाटते तेवढे वजा केले जाते. इथे अशी वजाबाकी शक्यच नव्हती. ही दोन मापे शेजारी ठेवून एक मोठे आणि एक लहान असे म्हणणे योग्य नाही. आणि ठरलेली बंदी चौदांपैकी किमान दहा दिवस पाळणाऱ्यांचे प्रमाण त्या प्रयोगात सुमारे एक चतुर्थांशच होते, हेही लक्षात घ्यावे.

नैराश्यावरील औषध एकाएकी सोडल्यास चक्कर, मळमळ, झोप बिघडणे, विजेचा हलका झटका बसल्यासारख्या संवेदना असा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजारही उलटू शकतो. औषध कधी आणि किती हळूहळू कमी करायचे हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. फोन कमी करण्याचा प्रयत्न मात्र औषधासोबत जरूर करावा आणि पुढील भेटीत डॉक्टरांना तो सांगावा. एक सावधगिरी बाळगावी. नैराश्यात अनेकांना माणसांशी जोडून ठेवणारा शेवटचा धागा फोनच असतो, म्हणून बोलण्याची आणि संदेशांची साधने शेवटपर्यंत चालू ठेवून केवळ निरुद्देश पाहणे कमी करावे. ठरवलेले एखाद्या दिवशी पाळता आले नाही, तर ते आजाराचे लक्षण किंवा आपले अपयश मानू नये.

प्रश्न : मी रुग्णालयात काम करते. रात्री केव्हाही बोलावणे येऊ शकते, त्यामुळे फोन बंद किंवा दुसऱ्या खोलीत ठेवणे मला शक्य नाही. माझ्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर : बोलावण्याची वाट पाहत झोपणे हेच झोप हलकी करते, त्यामुळे आपला प्रश्न इतरांपेक्षा अवघड आहे. फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब ही सोय लावून त्यातून केवळ रुग्णालयाचा आणि घरातील एक-दोन क्रमांक वगळावेत, म्हणजे तेवढेच कॉल वाजतील. त्या क्रमांकांना वेगळी, मोठी घंटा लावावी. त्यामुळे प्रत्येक बारीक आवाजाला कान टवकारून राहावे लागत नाही. आधी एकदा घरच्या फोनवरून कॉल करून ही व्यवस्था नीट चालते का, ते तपासून घ्यावे. फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पडदा खाली करून ठेवावा. घंटा ऐकू येईल, पण पडल्या पडल्या हात पोचणार नाही. बोलावणे येऊन गेल्यावर परत झोपताना वेळ पाहण्यासाठीही फोन उचलू नये. आणि ज्या रात्री आपली पाळी नसेल, त्या रात्री तो खोलीबाहेर ठेवावा, म्हणजे आठवड्यातल्या काही रात्री तरी आपल्याला बोलावण्याची वाट न पाहता झोपता येईल.